अण्णांच्या गळ्यातला हार

चँडलर, अॅरिझोना, १८ ऑगस्ट २०२५

पुरू,

तुझ्या मंडळाचं रंगीत पत्रक पाहिलं. तुझ्या भाचीच्या, विनीताच्या फोनवर आलं होतं, तिनं मला कागदावर छापून दिलं. मला थेट येणार कसं? मे महिन्यात तू मला फॅमिली ग्रुपमधून काढून टाकलंस. गुन्हा काय, तर तुझ्या तारखा दुरुस्त केल्या. म्हणून हे पत्र पोस्टानं. पोस्टमनला तुला ब्लॉक करता येणार नाही.

'१९३२ : एका वर्षाचा भारत.' वा! दिवाळीच्या कार्यक्रमात, शाळेच्या कॅफेटेरियात, फराळाच्या टेबलांना लागून बारा पॅनेल. एकीकडे चकली, एकीकडे इतिहास. लोक चकली बघणार हे तुलाही ठाऊक आहे, पण अध्यक्ष झाल्यावर काहीतरी करून दाखवावं लागतं ना.

पहिलं पॅनेल लॉस एंजेलिसच्या हॉकीचं. 'अमेरिकेचा २४-१ ने धुव्वा!' अरे, त्या स्पर्धेत संघ किती होते ते कुठंय? तीन. आपण, जपान आणि यजमान. यजमान दोन्ही सामने हरले तरी त्यांना कांस्यपदक मिळालं. हे लिहिलं असतंस तर लोक हसले तरी असते. दुसरं पॅनेल लॉर्ड्सवरच्या पहिल्या कसोटीचं. 'ऐतिहासिक कामगिरी.' १५८ धावांनी हरलो, ते गाळलंस. तिसरं पहिल्या मराठी बोलपटाचं, ते ठीक आहे. पण सप्टेंबर कुठं गेला? येरवड्यातला उपास, पुणे करार? ज्या महिन्यात अख्खा देश जीव मुठीत धरून बसला होता तो महिनाच तुझ्या वर्षात नाही! त्या जागी रांगोळी स्पर्धेचे नियम आहेत. 'काँट्रोव्हर्शियल नको' असं तुमच्या कमिटीनं ठरवलं म्हणे. ओहायोत चार बेडरूमच्या घरात राहून तुम्हाला जातीचं नाव काढायची भीती वाटते, आणि पॅनेलवर मात्र क्रांती हवी. धन्य आहे.

आता बारावं पॅनेल. आपले आजोबा. अण्णांचा तो झेंडूच्या हारातला फोटो, खाली 'सविनय कायदेभंगात सहा महिने सक्तमजुरी भोगून बाहेर पडताना.' पुरू, ते वाचून माझा चहा थंड झाला. अण्णा तुरुंगात गेले नाहीत. अण्णा मामलेदार होते. ते लोकांना तुरुंगात पाठवत. तो हार बदलीच्या निरोप समारंभाचा आहे. आपल्याकडे कारकुनाची बदली झाली तरी हार घालतात आणि फोटो काढतात, आणि तीन पिढ्यांनी तो फोटो ज्याच्या हाती पडतो तो म्हणतो, आमच्या घरात स्वातंत्र्यसैनिक होता. अण्णांची त्या सालची डायरी माझ्या कपाटात आहे. आईच्या ट्रंकेतून आली, बावीस वर्षं झाली.

फोटो काढ. नाहीतर मी काढायला लावीन.

सुहासताई


डब्लिन, ओहायो, २७ ऑगस्ट

ताई,

आज गणपती बसले. घरात चाळीस माणसं जेवून गेली आणि मी बेसमेंटमध्ये बसून तुझ्या शिव्यांना उत्तर लिहितोय. हौसच म्हणायची माझी.

तुला काय वाटतं, इथं आम्ही नुसते मोदक हाणत बसतो? गेले सहा महिने मी लायब्ररीत जाऊन जुनी वर्तमानपत्रं वाचतोय. इन्शुरन्स कंपनीतून रिटायर झालेल्या माणसानं हे करायला नको होतं, गोल्फ खेळायला हवं होतं. इथल्या मुलांना आपला देश म्हणजे बॉलिवूड आणि बटर चिकन. त्यांना एक वर्ष तरी नीट दाखवावं म्हटलं, तर तू अॅरिझोनाच्या उन्हात बसून मार्क कापतेस. जन्मभर तेच केलंस. आपल्या राजीवच्या लग्नात आहेराच्या यादीतलं शुद्धलेखन तपासणारी बाई तू.

आता नीट वाच. अनिकानं कॉलेजच्या अर्जाचा निबंध त्या फोटोवर लिहिलाय. आपल्या खापरपणजोबांवर. सहा महिने खडी फोडून त्यांनी काय शिकवलं, आणि ती स्वतः शाळेच्या बोर्डासमोर कशी उभी राहिली, वगैरे. काउन्सेलरच्या डोळ्यांत पाणी आलं. एक नोव्हेंबरची डेडलाइन आहे. दिवाळीला ती हाच निबंध स्टेजवर वाचणार आहे. माझी नात चार वर्षं राबलीय. तुझ्या एका डायरीपायी तिचं नुकसान झालं तर मी तुला माफ करणार नाही.

डायरी माझ्याकडे पाठवून दे. मूळ प्रत. मी बघतो काय करायचं ते. आणि अनिकाला एक अक्षर लिहायचं नाही.

पुरुषोत्तम


चँडलर, ५ सप्टेंबर

पुरू,

'मूळ प्रत पाठवून दे, मी बघतो.' काय बघतोस? शेकोटीत बघतोस? लहानपणी माझं प्रगतिपुस्तक असंच 'बघतो' म्हणून नेलं होतंस, ते विहिरीत सापडलं.

ऐक, तुझा स्वातंत्र्यसैनिक काय लिहितो. जशीच्या तशी नोंद उतरवते.

'२९ जानेवारी. कचेरीवर झेंडा लावणारे नऊ जण पुढे आणले. दोघांनी माफी लिहून दिली, सोडले. उरलेल्या सातांस सहा सहा महिने सक्तमजुरी. हेडक्लार्क म्हणाला, निदान सातवे प्रकरण प्रांतसाहेबांकडे पाठवावे. मी नाही म्हणालो. बोट दाखवायला जागा नको. दुपारी झोप उत्तम.'

सातवा कोणातरी बड्या धेंडाचा मुलगा असणार, म्हणून हेडक्लार्कची तंतरली. अण्णांची नाही तंतरली. झोप उत्तम! पुढे मार्चमध्ये जिल्ह्याच्या गावी जाऊन बोलपट पाहिला, 'आवाज कर्कश, पण मजा.' चार जूनला बढती आणि बदली, 'फोटो काढला, हार झेंडूचा, मान खाजली.' हा तुझा बाहेर पडतानाचा फोटो. ऑगस्टमध्ये हॉकीत चोवीस गोल झाले म्हणून कचेरीत पेढे. साहेबाच्या पगारावर बसून देश जिंकला म्हणून पेढे वाटणारा माणूस! आपला आजोबा! आणि 'सहा महिने सक्तमजुरी' हे इतकं तपशीलवार घरात आलं कुठून, ते मला कळत नाही. थापही कुणीतरी नीट मोजूनमापून मारली.

मी विनीताला ऑफिसात अख्ख्या डायरीची झेरॉक्स काढायला लावली. ती कालच्या पोस्टानं अनिकाच्या नावानं गेली. सतरा वर्षांची आहे ती, सात वर्षांची नाही. खोट्यावर निबंध लिहून तिला कॉलेजात जायचं असेल तर खुशाल जावं, पण माहीत असून जावं.

ताई


डब्लिन, १३ सप्टेंबर

पाकीट मिळालं. अनिकाच्या आधी माझ्या हाती पडलं असतं तर बरं झालं असतं, पण पोरगी स्वतः मेलबॉक्स उघडते.

तीन दिवस माझ्याशी नीट बोललेली नाही. तुझं समाधान झालं असेल. तू चांगली माणूस नाहीस, ताई. तू नुसती बरोबर असतेस.

पुरुषोत्तम


डब्लिन, २८ सप्टेंबर

डिअर आत्याआजी,

माझं मराठी वाईट आहे, सॉरी. मंडळाच्या शाळेत नऊ वर्षं गेले, पण तिथे आम्ही मोस्टली पिझ्झा खाल्ला. टाइप करून लिहिते, म्हणजे स्पेलिंग बरं दिसेल. आबा म्हणाले की तू कडू आहेस. मी म्हटलं, मे बी, पण तिनं मला डायरी पाठवली आणि तुम्ही फक्त फोटो दिला.

आधी मी खूप रडले. मग मला राग आला. मी निबंध काउन्सेलरकडून परत घेतला. डॅड म्हणाला इट्स फाइन, आता दुसरा टॉपिक घे, रोबॉटिक्स घे. पण मी डायरी वाचायची ठरवली. सगळी. रोज दोन पानं, फोन झूम करून. अक्षर लहान आहे, पण नीट आहे. जे शब्द कळले नाहीत ते मम्मीला विचारले. तिला पण सगळे येत नाहीत!

तू आबांना जी पानं लिहिली ती सगळी ऑफिसची आहेत. मी घरची पण वाचली. म्हणून माझे क्वेश्चन्स आहेत.

एक. ३० जानेवारी, म्हणजे त्या सात लोकांना जेलमध्ये पाठवलं त्याच्या नेक्स्ट डे: 'आईने बोलणे टाकले. माझे पान वेगळे मांडते.' का? ती मामलेदाराची आई होती, तिला काय प्रॉब्लेम होता?

दोन. हे ती पुढे पण करते. ऑलमोस्ट दर आठवड्याला एक ओळ आहे, 'आई बोलत नाही.' एकोणीस वेळा. मी मोजले. लॉर्ड्सच्या मॅचच्या दिवशी पण आहे!

तीन. २९ जुलैला: 'द्वारका आज सुटली. आई स्टेशनवर जाते म्हणाली. जाऊ दिले नाही.' आणि ३१ जुलै: 'द्वारका दारात आली. उघडले नाही. आई मागच्या खोलीत रडते.'

आत्याआजी, २९ जानेवारी ते २९ जुलै एक्झॅक्टली सहा महिने होतात. द्वारका कोण आहे? ती सातवी होती का?

प्लीज लवकर लिही. आबांना विचारलं तर ते उठून गराजमध्ये गेले.

अनिका


चँडलर, ४ ऑक्टोबर

अनिका,

तुझं मराठी तुझ्या आबांच्या इतिहासापेक्षा बरं आहे. निबंध परत घेतलास ते योग्य केलंस.

आता तुझे प्रश्न. घरगुती नोंदी मी कधी वाचल्या नाहीत. कुणाचं पान वेगळं, कोण रुसलं, दूध नासलं, यात इतिहास नसतो. वर्गातल्या मुलांनाही मी तेच सांगत आले. सासवासुना, आया, सगळ्या त्या काळी बोलणं टाकायच्या. त्यांना दुसरं काय करता येत होतं?

द्वारका म्हणजे स्वयंपाकीण असावी. मामलेदाराच्या घरी बाया असायच्या कामाला. चोरीबिरी केली असेल, शिक्षा झाली असेल, सुटल्यावर परत काम मागायला आली असेल. तारखा जुळतात म्हणून नातं जुळवू नये, हा संशोधनातला पहिला नियम. अण्णांना बहीण नव्हती. असती तर मला माहीत असतं. घरातली थोरली मी आहे.

रोबॉटिक्स हा विषय वाईट नाही.

आत्याआजी


डब्लिन, ११ ऑक्टोबर

ताई,

स्वयंपाकीण!

अनिकानं तुझं पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, आबा, तुम्ही सांगा. मी पुन्हा गराजकडे निघालो, तर ती दारात उभी राहिली. मग सांगितलं. तुलाही सांगतो, आणि मला फार बरं वाटतंय असं समजू नकोस. नाही म्हणजे, थोडं वाटतंय.

द्वारका अण्णांची धाकटी बहीण. पंधरा वर्षांनी लहान. लग्नानंतर वर्षात विधवा होऊन माहेरी आली होती. एकोणीस वर्षांची असताना कचेरीवर झेंडा लावायला गेली, भाऊ आत खुर्चीवर बसलाय हे माहीत असून. अण्णांना ते प्रकरण दुसऱ्याकडे पाठवता आलं असतं. त्यांनी स्वतः शिक्षा दिली. चार महिन्यांत बढती मिळाली. पुढे सत्तेचाळीस साल आलं आणि घरात तुरुंगात गेलेलं माणूस असलं तर बरं दिसेल असं वाटायला लागलं, तेव्हा तिचे सहा महिने उचलून अण्णांच्या नावावर घातले. कोणी घातले ते मला माहीत नाही. अण्णांनी कधी नाही म्हटलं नाही.

मला हे बाबांनी हॉस्पिटलमध्ये सांगितलं, १९९८ साली, जाण्याच्या आठवडाभर आधी. मी माहीत असून बारावं पॅनेल केलं. डायरी यासाठीच मागत होतो. तू मला आता जे काय म्हणशील ते म्हण, मी स्वतःला महिनाभर म्हणतोय. मला आपल्या घरात एक मोठा माणूस हवा होता. होता तोही, पण तिला दाखवायचं तर अण्णांना उघडं पाडावं लागत होतं.

फोटो काढलाय. पॅनेल रिकामं आहे. अनिका म्हणते, त्यावर ती द्वारकेचं लिहिणार, स्टेजवर तेच वाचणार आणि निबंधही तोच. कमिटीतले दोघं म्हणाले, दिवाळीला असलं कशाला. मी म्हटलं, मग अध्यक्ष दुसरा बघा. सप्टेंबरचं पॅनेलही घालतोय, उपास आणि करार, दोन्ही बाजूंचं म्हणणं छापून. रांगोळीचे नियम ईमेलनं जातील.

पण फोटो नाही, ताई. द्वारकेचा एकही फोटो नाही. ती विदर्भात कुठल्याशा आश्रमशाळेत शिकवायची, त्रेसष्ट साली गेली, एवढंच बाबांना माहीत होतं. अनिका सारखी विचारते, ती दिसायला कशी होती? मला काय माहीत? बाबा म्हणाले होते की ती एकदाच आपल्या सांगलीच्या घरी आली होती. साठ सालच्या मे महिन्यात. अण्णा पेन्शनीत निघाले होते, त्यांना भेटायला. मी पाच वर्षांचा, तापानं झोपलेलो. बाबा मळ्यावर होते, त्यांना शेजारणीनं सांगितलं.

दार सुहासनं उघडलं, असं म्हणाले बाबा.

पुरू


चँडलर, १७ ऑक्टोबर

अनिका,

हे पत्र तुला लिहिते, तुझ्या आबांना नाही. त्यांना वाचायला दे. त्यांचा हक्क आहे.

आधी माझं बघ. छत्तीस वर्षं इतिहास शिकवला. डायरी बावीस वर्षं माझ्या कपाटात, नॅप्थलीनच्या गोळ्या घालून ठेवलेली. तुला वाचायला तीन आठवडेही लागले नाहीत. मी वाचलीच नाही, मी फक्त अण्णांना पकडायला तीत गेले आणि पकडून बाहेर आले. आणि तुला ऐटीत लिहिलं, स्वयंपाकीण, चोरीबिरी. ते पत्र फाडू नकोस, ठेव. एखाद्या वेळी कोणी तुला फार खात्रीनं काही सांगू लागलं तर काढून वाच. आबांना मी आयुष्यभर अक्कल शिकवली. त्यांनी फोटोला खोटी ओळ लिहिली, पण तुझ्यापुढे उभं राहून ती खोडलीही. माझ्या हातून अजून तेवढंही झालेलं नाही. आता करते.

ती दिसायला कशी होती, ते जगात आज फक्त मला माहीत आहे.

उंच होती. अण्णांचंच नाक. केस पांढरे, पण चेहरा म्हातारा नव्हता. खादीचं जाड पांढरं पातळ, भर मे महिन्यात. चपलेचा एक अंगठा तुटलेला, तिथं सुतळी बांधली होती. घामानं थबथबली होती. हातात खाकी पिशवी. मी नऊ वर्षांची. दुपारचे तीन वाजले असतील, आई आत पापड लाटत होती. कडी वाजली तेव्हा अण्णा बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीवर होते. त्यांनी खिडकीच्या फटीतून पाहिलं, उठले, दाराआड भिंतीला टेकून उभे राहिले आणि मला हळूच म्हणाले, 'घरी कोणी नाही म्हणून सांग.'

मला गंमत वाटली. अण्णा माझ्याशी कधी असले खेळ खेळायचे नाहीत. मी दार अर्धं उघडलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'तू सुहास ना? दादा आहे का गं घरात?'

मी म्हटलं, 'घरी कोणी नाही.' चांगलं ठसक्यात म्हटलं. मी तेव्हाही ठसक्यातच बोलायची.

तिनं माझ्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या पायांशेजारी दाराखालून दिसणाऱ्या अण्णांच्या पायांकडे. तिनं ते पाय पाहिले हे मला तेव्हाच कळलं, अनिका. मी दार आणखी थोडं लोटलं. तिनं पाणी मागितलं नाही. मी विचारलं नाही. एवढ्या उन्हात.

दार बंद होत असताना ती म्हणाली, 'बरं. आल्यावर एवढं सांग, द्वारका आली होती.'

मी कडी घातली. अण्णा पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले आणि डोळे मिटले. कोण होतं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आईनं आतून विचारलं तर मी म्हटलं, कोणीतरी बाई, वर्गणी मागत होती. ते नाव मी कुठं टाकून दिलं कोण जाणे. आबांचं पत्र वाचलं तेव्हा सापडलं.

हे सगळं पॅनेलवर घाल. स्टेजवर वाच. दार लावणाऱ्या मुलीचं नाव गाळू नकोस, सुहासिनी गणपुले असं पूर्ण लिही.

निरोप पोचवायला मला पासष्ट वर्षं लागली. द्वारका आली होती.

आत्याआजी